आबेरची आंघोळ

पोटच्या पोरीनं आईच्या अंगाला शेवटचं पाणी लावायचं नसतं, म्हणून लालामला आडोशाच्या बाहेर बसवलं होतं. आडोसा म्हणजे झोपडीमागं रोवलेले चार खांब, त्यांना बांधलेल्या चटया आणि दोन जुनी कापडं. तिच्या पुढ्यात पाण्याचे पिवळे कॅन होते. आतून हात आला की भरलेला कॅन द्यायचा आणि रिकामा परत घ्यायचा, एवढंच तिचं काम. त्या कामाचं तिला बरं वाटत होतं. गुलू शहराहून लामोला गावापर्यंत ती आईच्या शवपेटीला पाय टेकवून गाडीत बसून आली होती. वाटेत तिनं ड्रायव्हरला दोनदा खड्डा दाखवला होता, एकदा पाणी विचारलं होतं. रडू आलं नव्हतं. घशाखाली कुठंतरी लाकडाचा ठोकळा ठेवल्यासारखं झालं होतं, आणि तो ठोकळा दुखतही नव्हता.

आत तिघी होत्या. मार्सेला आजी ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिच्या हाताशिवाय लामोलातली कुठली बाई मातीत गेली नव्हती. दुसरी लाकेर, लालामच्या भावाची, ओलाराची बायको. आणि तिसरी आबेर, लालामच्या आईची पाठची बहीण. माहेरचा एक तरी हात लागावा लागतो, म्हणून ती पलीकडच्या गावाहून पायी आली होती. लालाम तिला धाकटी आई म्हणायची.

"डावा हात वर धर गं," मार्सेला आजीचा आवाज आला. "लाकेर, आभाळात काय बघतेस?"

"बघतेय की इकडं, आजी."

"बघतेयस म्हणे. मेलेली सासू चावत नाही. जिवंतपणी चावली असेल तर ते वेगळं."

लाकेरला हसू फुटलं आणि तिनं ते दाबलं. आबेरही काहीतरी पुटपुटली. मग आतून कापड ओढल्याचा आवाज आला. छातीवरची पट्टी सुटली असणार, लालामनं ओळखलं. त्या पट्टीखाली काय होतं ते तिला पाठ होतं. गुलूला आपल्या घरी सहा महिने रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तिनंच ती बदलली होती. पट्टी बदलून, हात धुऊन, नववीच्या वर्गात जाऊन ती मुलींना नाईलचा उगम शिकवायची.

"तेल," बऱ्याच वेळानं मार्सेला आजी म्हणाली.

लालामनं याआ झाडाच्या बियांच्या तेलाची बाटली आत दिली. ती घ्यायला आलेला हात आबेरचा होता.

आईला तेल लावून, नव्या कापडात गुंडाळून पुढच्या अंगणात नेलं. आता न्हाऊ घालणाऱ्यांनी त्याच जागी, उरलेल्या पाण्यात पाला टाकून, एकमेकींच्या अंगावर पाणी घ्यायचं. तशी रीतच आहे. अंगावरचं सगळं उतरवायचं, डोक्यापासून पायापर्यंत भिजायचं, मग बाहेर. न भिजता जी बाहेर पडेल, तिच्यामागं मरण घरी येतं असं मानतात, आणि मानत नाहीत ते लोकही भिजतात. लाकेरनं कापड सोडलं. मार्सेला आजी आधीच उघडी होऊन उभी होती.

आबेर चटई बाजूला सारून बाहेर आली. अंगावर तेच कापड, छातीशी घट्ट बांधलेलं. लालामकडं न बघता ती पुढं गेली, अंगणातल्या माणसांमधून गेली आणि आपल्या गावाच्या पाऊलवाटेला लागली.

"आबेर!" आतून हाक आली. "अगं, कुठं निघालीस?"

तिनं मागं वळून बघितलं नाही.

*

दुपारी पुरताना ती नव्हती. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. अंगणात मोठा ओंडका पेटवून ठेवला होता. बाईमाणूस गेलं की तो चौथ्या दिवशी विझवतात. त्याच्याभोवती बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. लालाम त्यांच्यात होती आणि तिच्या हातांनाही सोलायचं काम येत होतं.

"बहिणीचा राग होता तिच्या मनात," एक शेजारीण म्हणाली. "बापाच्या तिळाच्या शेतावरनं."

"ते शेत कधीच गेलं."

"शेत गेलं, राग राहतो. मी म्हणते, न्हाऊ घालताना अंगावरचं काही काढून नेलं असेल. केस, नख, काहीही. म्हणून तर पळाली."

"आजी, तुम्ही होतात ना आत? काही नेलं का तिनं?"

मार्सेला आजीनं शेंग फोडली. "आतलं आत राहतं. मला विचारू नका."

पण तिनं नाहीही म्हटलं नाही, आणि ते सगळ्यांनी ध्यानात घेतलं. थोड्या वेळानं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं की ओलाराच्या आईला हा आजार असा अचानक कसा झाला, आपल्याकडं तर तो होत नाही. कुणी लावला, हे आता कळतंय. लालाम समोर बसली होती म्हणून ते वाक्य तिथंच थांबलं. एकीनं तिच्या मांडीवर हात ठेवला. "तुझी आई गुलूला गेली आणि तिथलं तिला लागलं, असंच आम्ही समजत होतो, पोरी."

"ती आजार इथूनच घेऊन गेली होती," लालाम म्हणाली.

"आपल्याकडं ते होत नाही," शेजारीण समजुतीच्या सुरात म्हणाली, जसं लहान मुलाला सांगतात तसं.

हे वाक्य कुठून आलं ते लालामला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी शाळेच्या झाडाखाली आरोग्याचं पथक आलं होतं. एका पोरीनं कापडावर छापलेला देशाचा नकाशा फांदीला टांगला आणि स्तनाचा कर्करोग कुठं जास्त, कुठं कमी ते काठीनं दाखवलं. राजधानी कंपालाच्या बाजूला गडद गुलाबी, मध्ये फिकट, आणि वर उत्तरेला, आपल्याकडं, जवळजवळ पांढरं. बायका खूश झाल्या होत्या. लेकरं जास्त, अंगावरचं दूध, शेतातलं काम, म्हणून आपण पांढरे. त्या कंपालाच्या बायका केस सरळ करतात, तळलेलं खातात, पोरांना डब्यातलं दूध पाजतात, त्यांना होतं. त्या पोरीनं पुढं आणखी काही सांगितलंही असेल, पण एवढं ऐकून बायका शेतावर गेल्या. आईनं फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं होतं. लालामनं विचारलं होतं, "इथल्या बायका मोजल्या कुणी?" आई म्हणाली, "ते तिनं सांगितलं नाही. तुझे प्रश्न म्हणजे ना. मास्तरीण बाई, आम्ही पांढऱ्या आहोत, तेवढं पुरे."

शेंगांची टोपली भरली. लालामनं दुसरी पुढं ओढली. आणि तेव्हा, कसलाही धक्का न बसता, तिला आबेरच्या छातीशी घट्ट बांधलेलं ते कापड आठवलं. पथक आलं त्याच वर्षी सुट्टीत ती गावी आली होती, तेव्हा आईनं ओढ्यावर बायकांबरोबर आंघोळीला जाणं सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणायची. झोपडीमागं एकटीच अंगावर पाणी घ्यायची आणि बाहेर येताना कापड असंच घट्ट बांधलेलं असायचं.

*

दुसऱ्या दिवशी लालाम आबेरच्या घरी गेली. आबेर दारात बसून तीळ पाखडत होती. नवरा बैलाच्या मागं गेला होता. उठून तिनं बसायला चटई टाकली, आणि स्वतः मात्र लांब, उंबऱ्यापाशी बसली.

"लांब का बसलीस, धाकटी आई?"

"माझ्या अंगावर अजून तिचं पाणी आहे म्हणतात ना. तुला लागेल."

"मला काय लागायचं राहिलंय आता."

आबेर सूप हलवत राहिली. "काय म्हणतात तिकडं? मी केस नेले?"

"नखंसुद्धा."

"नखंसुद्धा," आबेर हसली. "तुझ्या आईची नखं घेऊन मी काय करू? आयुष्यभर मातीत घातलेली नखं. लाकेरची नेली असती तर रंग तरी असता."

लालामलाही हसू यायला हवं होतं. तिच्या तोंडाचा आकार तसा झाला. मग ती म्हणाली, "कापड सोड."

सूप थांबलं.

"काय म्हणालीस?"

"कापड सोड. मला बघू दे."

"लाज आहे का काही? आईचं अंग बघायला निघाली."

"माझ्या आईचं रोज बघत होते."

"ती तुझी आई."

"तुझं दूध मीही प्यायलेय. लढाईत झाडीत लपायचे दिवस होते, आईला ताप होता, हे तूच सांगतेस दर नाताळला, सगळ्यांसमोर. मी चावायचे म्हणून सांगतेस."

"चावायचीसच," आबेर म्हणाली. "डाव्या बाजूला."

कोंबड्या पाखडलेल्या भुशात शिरल्या आणि कुणी त्यांना हाकललं नाही.

"दुधाची गाठ आहे ती," शेवटी आबेर म्हणाली. "जुनी. धाकटा झाला तेव्हाची राहून गेलेली."

"धाकटा कंपालाला भाड्याची बोडा-मोटारसायकल चालवतो. त्याला दाढी आहे."

"मग काय झालं? राहतं दूध."

"नाही राहत, धाकटी आई."

"आपल्याकडं ते होत नाही गं. ती पोरगी काठी घेऊन सांगून गेली. मी होते तिथं, पुढच्याच रांगेत. तुझी आईही माझ्या शेजारीच बसली होती." ती थांबली. सूप खाली ठेवलं. "माझ्या शेजारी बसली होती, आणि तेव्हा तिला होतं. हो ना? तेव्हाच होतं."

"हो."

"आणि मला बोलली नाही."

"कुणालाच बोलली नाही."

आबेर उठली, आत गेली. लालाम तिच्यामागं गेली. आत अंधार होता आणि धुराचा वास. आबेरनं कापड सोडलं, पण चेहरा भिंतीकडं ठेवला. लालामनं बोटं लावली. गाठ कच्च्या फळासारखी टणक होती, लहान, आणि बोटाखाली सरकत होती. आईची सरकत नव्हती. आईची तिला कळली तेव्हा कातडीला आतून शिवल्यासारखी झाली होती. तिनं काखेत हात घालून बघितलं, डॉक्टर बघायचा तसं. तिथं काही हाताला लागलं नाही. यावर आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली. वाटलं नाही. तिनं कापड उचलून आबेरच्या खांद्यावर टाकलं.

"काल तिची पट्टी सोडली," आबेर भिंतीला म्हणाली. "मला वाटलं मी स्वतःलाच धुतेय. आणि मग म्हातारी म्हणाली, चला, आता आपण."

"तुझी लहान आहे. आईची पहिल्यांदा बघितली तिच्या पावसुद्धा नाही. माझ्याबरोबर गुलूला चल. आधी सुई घालून बघतात. गाठ तशीच निघाली तर कापतात. आईला कापता आलं नाही, उशीर झाला होता."

"कापून घेतलेल्या बाईला काय म्हणतात, माहितीये?"

"तुला आज काय म्हणतात ते ऐकलंस ना? बहिणीला मारलं म्हणतात."

"ते बरं," आबेर म्हणाली. तिच्या आवाजात कुढणं नव्हतं, हिशेब होता. "चेटकीण म्हणाले तर एकट्या मला म्हणतील. हे म्हणाले तर माझ्या पोरीला म्हणतील, तुला म्हणतील, लाकेरच्या लेकीलाही. रक्तातच आहे म्हणतील. पोरीचं लग्न पुढच्या सुगीत आहे. मुलाकडचे मग करून घेतील तिला? आणि अशी, पाणी न घेता, मी गाडीतही बसणार नाही. वाटेत काही झालं तर सगळी गाडी माझ्या नावानं रडेल."

"पाण्याचं मी मार्सेला आजीला विचारते."

"काय विचारणार? मी का पळाले ते?"

"नाही. पाणी घेता येतं का अजून, एवढंच."

आबेरनं कापडाची गाठ मारली. नेहमीपेक्षा घट्ट. "विचार," ती म्हणाली. "विचारायला काय जातंय. येईन असं म्हणत नाही मी."

*

मार्सेला आजी आपल्या अंगणात उन्हात पाय पसरून बसली होती. लालामनं विचारलं तेव्हा तिनं का, कशाला, काही केलं नाही.

"ओंडका विझायच्या आत घेता येतं," ती म्हणाली. "पण त्याच जागी, आणि ज्या आत होत्या त्यांच्यासमोर. तिची ती घरी घेऊन चालणार नाही. आम्ही दोघी आणि ती. सगळं उतरवून."

"बरं."

"ती येणार नाही," म्हातारी म्हणाली.

"का?"

"पळणारी बाई कशाला पळते ते मला कळतं, पोरी. एवढी म्हातारी आहे मी." लालामनं पुढं विचारलं नाही. विचारायला लागलं असतं ते सगळं कुठंतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं झालं होतं.

तिनं आबेरला निरोप पाठवला. आणखी काही करण्यासारखं नव्हतं. ओढत आणता आलं असतं, पण ओढत आणलेल्या बाईला गुलूपर्यंत कोण नेणार, आणि गुलूहून पुढं दवाखान्यात, पुन्हा पुन्हा. आईच्या वेळी तिनं हे केलं होतं. आई दर खेपेला म्हणायची, तू आणतेस म्हणून येते. आणि एका खेपेला आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पुरुषांनी ओंडक्यावर घालायला पाणी भरून ठेवलं. आडोसा अजून तसाच होता. लाकेर अंगणात लेकीला पाजत बसली होती. मार्सेला आजी येऊन तिच्याशेजारी टेकली. बायका एकीकडं मालाक्वांगची भाजी शिजवत होत्या. आंबट पाल्याचा आणि वाटलेल्या शेंगदाण्यांचा वास सगळीकडं पसरला होता. पाऊलवाटेकडं सगळ्यांचं लक्ष होतं.

आबेर आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिनं कुणाला नमस्कार केला नाही, कारण तिचा नमस्कार कुणी घेतला नसता. सरळ आडोशापाशी आली.

"उशीर केलास," मार्सेला आजी म्हणाली. "आमचं ढुंगण जमिनीला चिकटलं."

"तीळ पाखडायचे राहिले होते."

"तिळांना घाई होती का? चल. लाकेर, पोरगी दे कुणाकडं. लालाम, पाणी आण."

लालाम कॅन घेऊन गेली आणि चटईपाशी थांबली.

"आत ये," म्हातारी म्हणाली. "आज न्हाऊ घालायचं नाहीये. आज तुला चालतं."

आत जागा थोडी होती. जमिनीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मार्सेला आजीनं कापड सोडलं. तिच्या छातीवर आता नुसत्या दोन रिकाम्या घड्या होत्या. लाकेरनं सोडलं, तिचं दूध ओघळत होतं. आबेरनं कापडाच्या गाठीला हात घातला, आणि गाठ सुटेना. घामानं ओली होऊन आवळली होती, का बोटं चालत नव्हती, कोण जाणे. लालाम पुढं झाली आणि तिनं ती सोडली.

कापड काढल्यावर, प्रकाशात, बाहेरूनही दिसत होतं. कातडीला एका जागी खळगा पडला होता. लाकेरनं बघितलं, मान वळवली आणि पुन्हा बघितलं. मार्सेला आजीनं हात पुढं केला, तो सुरकुतलेला, इतक्या जणींना धुतलेला हात, आणि आबेरच्या गाठीवर ठेवला. बोटांनी ती सरकवली.

"दुधाची नाही," ती म्हणाली.

"नाही," आबेर म्हणाली.

म्हातारीनं हात काढला नाही. ती लालामकडं बघून बोलू लागली. आवाज नेहमीचाच होता, थोडा खालचा. "तुझ्या आईनं मला दाखवलं होतं. ती काठीवाली पोरगी येऊन गेली त्याच सुगीत. इतकीच होती. मी म्हटलं, दुधाची आहे, पाला बांध. म्हटलं, ते आपल्याकडं होत नाही, ऐकलंस ना परवा. ती म्हणाली, ऐकलं." ती थांबली. "पाला मीच दिला. रोज येऊन घेऊन जायची."

लालामच्या हातात कॅन होता. भरलेला, जड. आता आपण काहीतरी म्हणायला हवं, हे तिला समजत होतं. ओरडायला हवं, किंवा त्या म्हातारीला जवळ घ्यायला हवं. दोन्हींपैकी काय हवं ते ठरवता येत नव्हतं. रोज येऊन घेऊन जायची. वाटेत कुणी विचारलं तर काय सांगत असेल? गुडघ्यांसाठी, म्हणत असेल.

"आजी, तुम्ही भिजून घ्या," ती म्हणाली. "गारठाल."

मार्सेला आजीनं पाला कॅनच्या पाण्यात बुडवला आणि पहिलं पाणी आबेरच्या डोक्यावर घातलं. मग आबेरनं लाकेरच्या. लाकेरनं म्हातारीच्या. पाणी पायाखालच्या भेगांतून गेलं. आबेर दातांवर दात दाबून उभी होती आणि दुसऱ्या की तिसऱ्या कॅनला ती रडू लागली. बहिणीसाठी पहिल्यांदाच, मोठ्यानं, सूर धरून, जसं पहिल्या दिवशी रडायचं असतं तसं. बाहेरच्या बायकांनी तो सूर ऐकला आणि आपोआप त्यात आपला मिसळला. लालाम पाणी देत राहिली.

"आतलं आत राहील," अंग पुसताना मार्सेला आजी म्हणाली. "लाकेर, ऐकलंस?"

"ऐकलं."

"लग्न होईपर्यंत तरी," आबेर म्हणाली. "मग मीच सांगेन. सगळ्यांना सांगेन. गुलूहून येते आधी."

लाकेर कापड बांधता बांधता थांबली. "मलाही बघता येतं का, ताई?" तिनं लालामला विचारलं. "म्हणजे, कसं बघायचं ते."

"दाखवते. संध्याकाळी."

बाहेर पुरुषांनी ओंडक्यावर पाणी घातलं. वाफ उठली आणि अंगणभर ओल्या राखेचा वास झाला. नाचणीचा गोळा मधे ठेवला गेला, भाजीची मोठी वाटी आली. बायका गोल करून बसल्या. आबेर केस ओले घेऊन कडेला उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी केसांविषयी बोलली होती तीच शेजारीण सरकली. अगदी थोडी, पण सरकली. आबेर तिथं बसली आणि तिनं हात धुवून गोळ्याचा तुकडा तोडला. सगळ्यांनी तो तिच्या तोंडात जाईपर्यंत बघितला, मग आपापले हात घातले.

"गुलूला चाललीस म्हणे लालामबरोबर," कुणीतरी म्हणालं.

"तिच्या घरात आईचं सामान आहे," मार्सेला आजी म्हणाली. "आवरायला माहेरचं माणूस लागतं. आणि तू गं आबेर, तिकडं जाऊन केस सरळ करून येऊ नकोस. आम्हाला ओळखू यायची नाहीस."

हसणं झालं. लालामनं घास घेतला. मालाक्वांगचा आंबटपणा तिला जिभेवर कळत नव्हता, नुसतं ऊन ऊन काहीतरी घशाशी गेलं, ठोकळ्यापाशी अडलं आणि खाली उतरलं. तिनं दुसरा घास घेतला.

"गाडी कधी असते?" आबेरनं तिला हळूच विचारलं.

"पहाटे. रस्त्यावर उभं राहावं लागतं."

"बसायला मिळेल?"

"लवकर गेलो तर."

"मग मी आज इथंच झोपते," आबेर म्हणाली आणि वाटी तिच्याकडं सरकवली. "खा. काहीच खाल्लं नाहीस तू."